बॅकटेस्ट नावाची बखर

#धागा. लांबणार आहे, सवडीने वाचावा.

‘इतिहास साक्षी आहे’ हे वाक्य इतिहासाच्या वर्गात मी फारसे ऐकलेले नाही. शेअर बाजाराची सूत्रे विकणाऱ्यांच्या तोंडी मात्र ते रोज असते. गेल्या वीस वर्षांच्या भावांवर तपासलेले सूत्र घ्या, वर्षातून एकदा ठरल्या दिवशी ते सांगेल ते शेअर घ्या, पुढल्या वर्षी त्याच दिवशी विका, मधल्या काळात स्वतःची अक्कल चालवू नका. इतिहास साक्षी आहे. समोरच्या आखाड्यात दुसरा पंथ बसलेला असतो. त्याच्या लेखी सूत्रे म्हणजे कारकुनी. खरा गुंतवणूकदार पारखीवर मोठा होतो, आणि कोणत्या थोर पुरुषाने कोणत्या साली कोणती कंपनी कशी ओळखली याच्या कथा त्याच्यापाशी तयार असतात. त्यालाही इतिहासच साक्षी असतो.

दोन्ही पंथ आपल्या विषयाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि उलटतपासणीची वेळ आली की कामकाज आटोपल्याचे जाहीर करतात. ती उलटतपासणी आज करू. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही, इतिहासात एम. ए. करते आहे. पण हा वाद पैशाइतकाच साधनांच्या विश्वासार्हतेचा आहे, आणि त्यावर बोलण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक इतिहास-विद्यार्थ्याच्या कानी एक भेद पडत आला आहे: घटना घडत असताना लिहिलेले पत्र वेगळे आणि निकाल कळल्यावर लिहिलेली बखर वेगळी. बखर खोटीच असते असे नाही. पण पानिपतावर काय झाले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मोहिमेच्या पहिल्या मुक्कामापासून अपशकुन दिसू लागतात. छावणीतून पत्र लिहिणाऱ्याला उद्याचे काही ठाऊक नसते. तो दाणावैरणीची ओढ लिहितो, न पोहोचलेल्या हुंडीची तक्रार लिहितो. त्याच्या अज्ञानातच त्याच्या कागदाचे मोल आहे.

बॅकटेस्ट ही बखर आहे. ती आकड्यांत लिहिलेली असते, दशांश चिन्हापर्यंत नेमकी असते, म्हणून आपल्याला दप्तरातल्या अस्सल कागदासारखी भासते इतकेच. ती लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. कोणत्या वर्षी बाजार कोसळला, कोणते उद्योग वर आले, हे सारे पाहून झाल्यावर तो सूत्र बेततो, आणि मग तेच सूत्र जुन्या वर्षांवर लावून म्हणतो, पाहा, कसे जुळते!

उदाहरण अमेरिकेचे घेते, कारण ही सूत्रे तिथे फोफावली आणि त्यांचा निकालही तिथेच लागला. डाऊ जोन्स औद्योगिक निर्देशांक चार्ल्स डाऊ यांनी १८९६ साली बारा कंपन्यांवर सुरू केला. १९२८ पासून त्यात तीस कंपन्या आहेत. १९९१ साली मायकेल ओहिगिन्स यांच्या ‘बीटिंग द डाऊ’ या पुस्तकाने एक सूत्र घरोघरी पोहोचवले. या तिसांपैकी भावाच्या तुलनेत सर्वाधिक लाभांश देणाऱ्या दहा कंपन्या घ्यायच्या, वर्षभर ठेवायच्या, मग नव्याने दहा निवडायच्या. ‘डॉग्ज ऑफ द डाऊ’ हे त्याचे प्रचलित नाव. त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ नव्हता. नावडतीचे मीठ अळणी हा न्याय बाजारातही चालतो, आणि नावडती कंपनी त्यामुळे कधी कधी वाजवीपेक्षा स्वस्त मिळते.

पण सूत्राला हाव सुटते. मॉटले फूल या संस्थेने याच घराण्यातले, चारच शेअर निवडणारे ‘फूलिश फोर’ लोकप्रिय केले. त्याच्या एका आवृत्तीत लाभांशाच्या दराला भावाच्या वर्गमुळाने भागायचे, उतरत्या क्रमाने मांडायचे, पहिला टाकून द्यायचा आणि पुढचे चार घ्यायचे. पहिला का टाकायचा? वर्गमूळच का, घनमूळ का नाही? प्रामाणिक उत्तर एवढेच की तसे केल्यावर जुने आकडे अधिक देखणे येत. १९९९ साली ग्रँट मॅक्क्वीन आणि स्टीव्हन थॉर्ली या दोन प्राध्यापकांनी याची चिरफाड केली. त्यांनी त्याच आकड्यांतून मुद्दाम एक अर्थशून्य सूत्र घडवले, आणि ते कागदावर मूळ सूत्रालाही मागे टाकणारे निघाले. उलट, मूळ सूत्र जी वर्षे पाहून बेतले गेले त्यांच्या आधीच्या वर्षांवर ते लावले, तेव्हा त्याची झळाळी ओसरली. २००० सालाच्या अखेरीस त्या संस्थेने स्वतःच हे सूत्र मागे घेतले. एवढा मोकळेपणा आपल्याकडच्या किती सूत्रविक्यांपाशी आहे?

डेव्हिड लाइनवेबर यांनी तर थट्टाच केली. संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी चाळून त्यांनी दाखवले की ठरावीक वर्षांत अमेरिकी बाजाराच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाच्या चढउताराचा ७५ टक्के ‘उलगडा’ बांगलादेशातील लोण्याच्या उत्पादनावरून होतो. त्यात अमेरिकेतले चीज आणि दोन्ही देशांतील मेंढ्या मिळवल्या की उलगडा ९९ टक्क्यांवर जातो. पुरेशी दप्तरे पुरेसा वेळ चाळली तर कशाचाही पुरावा मिळतो. वंशावळी तयार करून देणारे लोक हे फार पूर्वीपासून जाणून आहेत.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढची आहे. सूत्र पाळणाऱ्याला वाटते की आपण माणसाची मर्जी व्यवहारातून हद्दपार केली. पण डाऊच्या तीस कंपन्या ठरवतो कोण? माणसेच ठरवतात, आणि तीही विवेकाधिकाराने. या माणसांनी १९३९ साली आयबीएमला यादीतून काढले आणि थेट १९७९ साली परत घेतले. मधल्या चाळीस वर्षांत ती कंपनी संगणकयुगाची सम्राज्ञी झाली आणि डाऊला त्याचा पत्ता नव्हता! यंत्रवत चालणाऱ्या सूत्राच्या पायाखाली संपादकांच्या पसंतीचा असा दगड आहे. सूत्र म्हणजे कुणाची तरी पारखच. कोरून ठेवलेली, आणि कोरणाऱ्याचे नाव पुसलेली.

आता माझ्या पापाचा पाढा.

दीड वर्षापूर्वी मी असाच एक तक्ता केला होता. निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घेतल्या, दर एप्रिलमध्ये सर्वाधिक लाभांश देणाऱ्या दहा निवडल्या, पंधरा वर्षे मागे गेले. निकाल डोळे दिपवणारा. वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीची थकलेली शिष्यवृत्ती नुकतीच एकरकमी जमा झाली होती. तिने तक्ता पाहिला, मला दोनच प्रश्न विचारले आणि सगळी रक्कम त्या दहा शेअरांत घातली. आठ महिन्यांत तिचा सुमारे पाचवा हिस्सा गेला. ‘थांब, वर्ष पुरे होऊ दे’ असे मी म्हणत होते. पण शुल्क भरायची मुदत आली आणि तिला विकावेच लागले. पंधरा वर्षांच्या माझ्या तक्त्यात शुल्क भरायची तारीख एकदाही आलेली नव्हती.

चूक मला नंतर उमगली आणि ती इतिहासाच्या विद्यार्थिनीला लाज आणणारी होती. मी पन्नास कंपन्यांची आजची यादी घेऊन भूतकाळात गेले होते. म्हणजे जे तगले त्यांनाच साक्षीला बोलावले. सत्यम एके काळी सेन्सेक्स आणि निफ्टी दोन्हींत होती; २००९ च्या जानेवारीत घोटाळा उघड झाल्यावर ती वगळली गेली. माझ्या तक्त्यात ती कधी जन्मलीच नव्हती. जिंकलेल्या घराण्यांचीच दप्तरे वाचून राज्याचा इतिहास लिहू नये, हे मी दुसऱ्याच सत्रात शिकले होते.

एवढे वाचून पारखपंथी मंडळी खूश झाली असतील. त्यांनी जरा थांबावे.

आल्फ्रेड कॉल्स हे सधन अमेरिकी गृहस्थ प्रकृतीच्या कारणास्तव कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहत आणि कौटुंबिक गुंतवणुकीसाठी बाजाराचे भाकीत करणारी पत्रके मागवत. १९२९ चा कोसळता बाजार त्या पत्रकांना दिसला नाही, तेव्हा त्यांनी हिशेब मांडायचे ठरवले. १९३३ साली ‘इकॉनोमेट्रिका’त त्यांचा निबंध आला. सोळा सल्लागार संस्थांनी १९२८ ते १९३२ या काळात दिलेल्या सुमारे साडेसात हजार शिफारशी त्यांनी तपासल्या. त्या पाळणारा माणूस सर्वसाधारण बाजाराच्या दरवर्षी १.४३ टक्के मागे पडला असता. आगीचा विमा उतरवणाऱ्या वीस कंपन्यांच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पैसा लावून केलेली निवडही बाजाराहून उणीच निघाली. कॉल्स यांनी पत्त्यांचा जोड पिसून काल्पनिक भाकितेही तयार केली, आणि सर्वांत यशस्वी तज्ज्ञांचे यश नशिबाने मिळू शकणाऱ्या यशाहून निराळे दिसेना. थोर पारखी पुरुष दाखवणे सोपे असते. त्याच्यासोबत पिसलेल्या बाकीच्या पत्त्यांची चरित्रे कुणी लिहीत नाही.

कॉल्स यांच्या निबंधातला मला सर्वांत प्रिय भाग विल्यम पीटर हॅमिल्टन यांच्याविषयी आहे. हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे संपादक, डाऊ यांच्या विचाराचे भाष्यकार. १९०३ ते १९२९ या सव्वीस वर्षांतले त्यांचे अग्रलेख कॉल्स यांनी वाचले. हॅमिल्टन यांच्या सांगण्याप्रमाणे बाजारात शिरणाऱ्या-निघणाऱ्याला वर्षाला १२ टक्के मिळाले असते. गप्प बसून राहणाऱ्याला १५.५. मत बदलण्याचे नव्वद प्रसंग, त्यांपैकी पंचेचाळीस बरोबर, पंचेचाळीस चूक. नाणे उडवावे तसे. पुढे साठ-पासष्ट वर्षे हाच निवाडा चालला.

मग १९९८ साली ब्राऊन, गोएट्झमन आणि कुमार यांनी तेच अग्रलेख पुन्हा उघडले. त्यांनी विचारले, हॅमिल्टन पैसा बाजाराबाहेर ठेवायला सांगत त्या काळात जोखीमही नव्हती, तिचा हिशेब कुठे आहे? तो धरला तेव्हा हॅमिल्टन चांगले उतरले. २५ ऑक्टोबर १९२९ रोजी, ‘काळ्या गुरुवार’च्या दुसऱ्या दिवशी, तेजी संपल्याचे सांगणारा अग्रलेख त्यांनी लिहिला आणि डिसेंबरात ते वारले. या संशोधकांची निष्कर्षापेक्षाही मोठी गंमत पद्धतीत आहे. हॅमिल्टन यांची अंतर्दृष्टी कशी चालत असे हे शोधण्यासाठी त्यांनी अग्रलेखांवरून संगणकाला शिकवले, म्हणजे पारखीचे सूत्र करून पाहिले.

हा वाद ६५ वर्षांनी पुन्हा खुला करता आला याचे कारण हॅमिल्टन रोजच्या तारखेनिशी लिहीत. तो अस्सल कागद आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा पैसा सांभाळणारे जॉन मेनार्ड केन्स यांच्याबाबतही तसेच. १९२० च्या दशकात त्यांनी तेजीमंदीचे चक्र ओळखून व्यवहार करण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि पुढे ते मोजक्या कंपन्या निवडून दीर्घकाळ धरून ठेवण्याकडे वळले. १९३८ साली आपल्याच धोरणाची शवचिकित्सा करणारे टिपण त्यांनी लिहिले. कागद कॉलेजपाशी शिल्लक आहेत म्हणून आज त्यांचे यश आणि अपयश दोन्ही मोजता येतात. कागद न ठेवणाऱ्याची पारख ही आठवण असते, आणि आठवणीवर विसंबून मी कुणाच्या आजोबांची स्वातंत्र्यचळवळही लिहिणार नाही.

बेंजामिन ग्रॅहम यांच्यापाशी मला जास्त रेंगाळायचे आहे, कारण दोन्ही पंथ त्यांना आपला मूळपुरुष मानतात.

१९३४ साली डेव्हिड डॉड यांच्यासह ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ आणि १९४९ साली ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ लिहिणारे ग्रॅहम शिस्तीचे माणूस. अनेक शेअर थोडे थोडे घ्यावेत, कंपनी विकली तर हाती येईल त्याहूनही कमी भावात घ्यावेत, एकावर फार विसंबू नये, ही त्यांची रीत. १९४८ साली त्यांच्या निधीने गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सात लाख डॉलरांहून थोड्या जास्त रकमेला घेतला. निधीचा जवळजवळ चौथा भाग एकाच ठिकाणी! स्वतःच्याच नियमाला फाटा. पुढे ग्रॅहम यांनी लिहून ठेवले की या एका व्यवहाराचा नफा त्यांच्या भागीदारीने वीस वर्षांत इतर सर्व व्यवहारांतून मिळवलेल्या एकत्रित नफ्याहून मोठा होता. गंमत अशी की विमा कंपनीचा एवढा हिस्सा निधीला बाळगता येत नाही असे नियामकांनी सांगितले, म्हणून ते शेअर निधीच्या भागधारकांतच वाटून टाकावे लागले. म्हणजे नियम मोडून घेतले आणि दुसऱ्या नियमामुळे वाटले.

पारखपंथीयांनी ही कथा इथेच थांबवलेली असते. पुढचे पान असे: १९७६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, याच ग्रॅहम यांनी एका मुलाखतीत सांगितले की एकेका कंपनीच्या खोल अभ्यासावर आपला आता विश्वास उरलेला नाही, नफ्याच्या मानाने स्वस्त आणि कर्जाच्या मानाने भक्कम अशा दोन-तीन सोप्या कसोट्यांवर शेअरांचा गट उचलावा आणि ठरल्या मुदतीत विकावा. सूत्रपंथीय नाचतात ते या पानावर. आधाराला ग्रॅहम यांनी मागच्या पन्नास वर्षांचे आकडे पाहिले होते. म्हणजे अखेरीस त्यांनीही बखरच वाचली. आणि त्याच १९७६ साली गायकोचा शेअर साठ डॉलरांच्या शिखरावरून दोनेक डॉलरांवर येऊन पडला होता, कंपनी बुडायच्या बेतात होती. ग्रॅहम सप्टेंबरात वारले. १९४८ चे ग्रॅहम बरोबर की १९७६ चे, हे त्यांचे चरित्र सांगत नाही. आपली निवड नशीब होती की चातुर्य, याविषयी ते स्वतःही ठामपणे बोलले नव्हते.

मग माझी बाजू कोणती? ती मला न्यूयॉर्कमध्ये सापडली नाही, फोर्टात सापडली.

बँक ऑफ बॉम्बे १८४० साली स्थापन झाली, तेव्हा कर्ज कशावर द्यावे याची कडक बंधने तिच्या सनदेत होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६३ च्या दहाव्या कायद्याने बँकेची बंधने सैल झाली. कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची मुभा मिळाली. युक्तिवाद आजच्यासारखाच होता: जुने नियम जुन्या काळाचे, जबाबदार माणसांच्या निर्णयशक्तीवर विश्वास ठेवावा. निर्णयशक्ती होती बँकेच्या चिटणीसाची, आणि चिटणीसाचा कान होता प्रेमचंद रायचंद यांच्या ओठांशी. त्या काळी मुंबईत त्यांच्याएवढा पारखी दुसरा नव्हता. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअराला त्याच्या कितीतरी पट भाव आला. १८६५ च्या एप्रिलमध्ये सेनापती ली शरण गेला, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा देणारे हात रिकामे होते. १८६८ पर्यंत बँक गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने कारणे नोंदवली, त्यांत दोन ठळक आहेत: सैल केलेला तो कायदा, आणि चिटणीसांनी अधिकाराचा केलेला गैरवापर. १८७६ च्या कायद्याने प्रेसिडेन्सी बँकांभोवती पुन्हा कुंपण घातले.

(राजाबाई टॉवर आणि त्याखालचे ग्रंथालय प्रेमचंदांच्या देणगीतून उभे आहे, देणगी १८६४ ची, कोसळण्याच्या आधीची.)

१८६३ साली जो नियम काढला गेला, तो भाव वर जाईल की खाली याविषयी काहीच बोलत नव्हता. तो फक्त म्हणत होता, अमुक गोष्टीवर कर्ज देऊ नका. नियमाचे हे दोन प्रकार आपण सतत एकत्र कालवतो. एक भाकीत करतो, दुसरा कुंपण घालतो. भाकिताचा नियम जुने आकडे पाहून घडतो आणि आकडे बदलले की कुजतो. कुंपणाच्या नियमाला भविष्य ठाऊक असल्याचा दावाच करावा लागत नाही. त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक असला की पुरे. एका शेअरात दहाव्या हिश्श्याहून अधिक रक्कम घालायची नाही, कर्ज काढून घ्यायचे नाही, वर्षभरात लागणारे शुल्क बाजारात न्यायचे नाही, हे पाळायला बॅकटेस्ट लागत नाही. अशा यंत्रवतपणाच्या बाजूने मी बेलाशक उभी आहे.

कुंपणाच्या वेषात भाकीतही येते, हेही सांगायला हवे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाची पद्धत फैलावली: भाव पडू लागले की सूत्राप्रमाणे विकत जायचे, नुकसान मर्यादित राहील. गृहीत हे की घेणारा कुणीतरी असेलच. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अनेकांची सूत्रे एकाच वेळी ‘विका’ म्हणाली आणि डाऊ एका दिवसात २२.६ टक्के पडला. ते भाकीतच होते, दुसऱ्यांच्या वागण्याविषयीचे.

‘यंत्र माणसाला हरवतेच’ म्हणणाऱ्यांपाशी सेबीचा अहवाल असतो. तोही वाचू. सप्टेंबर २०२४ च्या त्या अहवालानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी तोटा सोसला, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. समोरच्या बाजूला कमावणाऱ्या मोठ्या संस्थांचा बहुतांश नफा संगणकीय व्यवहारांतून आला, हेही त्यात आहे. पण ती यंत्रे कुणी मोबाइलवर विकत नाही. तुम्हांला विकली जाते ती त्यांची बखर.

मैत्रिणीचे पैसे मी हप्त्याहप्त्याने परत करते आहे. ती नको म्हणते, मी ऐकत नाही. तक्ता पुसला नाही. त्याच्या शेजारी आता एक साधी वही आहे. काही घेण्याआधी तारीख घालून तीत लिहायचे: का घेते आहे, आणि काय घडले तर माझे चुकले असे मानीन. खाडाखोड करायची नाही. आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत. दोन चुकल्या, तिसरीचा निकाल मार्चनंतर.

पुढचा धागा जॅक्सन आयोगासमोर झालेल्या साक्षींवर.